सरळ दिसणारी रेघ

तुम्ही तिच्या छातीवर किरणांच्या खुणेच्या रेघा ओढल्यात, डॉक्टरसाहेब, आणि त्या सांभाळायला तिला घरी पाठवून दिलंत. घर कसलं आहे, घरात कोण आहे, पत्र्याखाली दुपारी किती घाम येतो, यातलं एक अक्षर विचारलं नाहीत. "पुसू देऊ नका" एवढं सांगितलंत. पुसली तर काय, ते सांगितलं नाहीत. सुट्टीच्या दिवशी पुसली तर फोन कोणी उचलायचा, ते तर तुमचं तुम्हीही ठरवलं नव्हतं. आणि रेघ चुकलेली सापडली तेव्हा तुम्ही रेघेकडे पाहिलंतच नाही. सरळ माणसाकडे बोट केलंत. बोट करणं सोपं असतं, त्याला हात स्थिर लागत नाही.

झालं ते असं.

गाठ काढून झाली होती. शिरेतून जाणाऱ्या औषधाने केस गेले होते आणि आता पिलाच्या अंगावर पिसं येतात तसे परत येऊ लागले होते. उरली होती किरणं. मधलीला वाटलं, सगळ्यात अवघड ते संपलं, आता काय, झोपून राहायचं. तिघा भावंडांतली ती मधली, म्हणून घरात तिला सगळे मधलीच म्हणत. फक्त धाकटा ताई म्हणायचा. पण मशीनवाल्या बाईंनी सरावाला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "डावी बाजू आहे तुमची. खाली हृदय आहे. नुसतं झोपून चालणार नाही, श्वास धरावा लागेल."

"श्वास धरून काय होतं?"

"छाती भरून श्वास घेतलात की हृदय मागे सरकतं. किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. तुम्ही धरून ठेवाल तेवढा वेळ ते बाजूला राहतं."

मधली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. चाळिशी उलटली होती तिची, आणि हे ती पहिल्यांदा ऐकत होती, की माणूस आपलं काळीज आपण हलवू शकतो. चावी नको, हत्यार नको, नुसता श्वास.

संध्याकाळी घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुझं काळीज जागेवर होतं कधी?" सगळे हसले. मग वहिनीने हळूच स्वतःच्या छातीवर हात ठेवून एक श्वास भरून पाहिला.

पण मधलीला ते जमेना. मशीनच्या खोलीचं दार तिजोरीसारखं जाड. ते लोटून सगळे बाहेर पळायचे आणि ती एकटी, डावा हात डोक्यावर घेऊन, उघड्या छातीने टेबलावर. मग छतातून बाईंचा आवाज यायचा. श्वास घ्या. धरा. आवाज आला की तिचा श्वास मध्येच सुटायचा. बाई परत आत येत, परत समजावत. शेवटी म्हणाल्या, "घरी सराव करा. जमलं नाही तर दुसरा मार्ग काढू, पण हा चांगला आहे."

धाकटा, रेघ्या, तेव्हा खाली कारखान्यात होता. कारखाना म्हणजे आजोबांनी थाटलेली पाट्या रंगवायची जागा. खाली काम, वर राहणं. थोरला दादा गिऱ्हाईक आणायचा, धाकटा अक्षरं काढायचा आणि मधली त्यात रंग भरायची. धाकट्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यातच राहिलं होतं. त्याच्यासारखी रेघ बापालाही आली नाही, आजोबालाही नाही, म्हणून तो रेघ्या.

तरुणपणापासून त्याला आवाज ऐकू यायचे. तो त्यांना 'वरचे' म्हणायचा. वर पत्रा होता, पत्र्यावर आकाश, तरी वरचे. "ना भाडं देतात, ना जागा सोडतात," असं म्हणायचा. गोळ्यांनी ते दबले होते, गेले नव्हते. गोळ्यांनी हातही थरथरायचे. चहाची कपबशी त्याच्या हातात दिली की सगळ्या घराला ऐकू जायची. पण हाच हात ब्रश धरून फळीला टेकला की थरथर कुठे जायची, हे मधलीला एवढ्या वर्षांत उमगलं नव्हतं. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरलाही उमगलं नव्हतं. तो एकदा कारखान्यात येऊन पाहूनही गेला होता.

त्या संध्याकाळी मधली खाली आली तेव्हा रेघ्याने विचारलं, "आत कोणी नसतं?"

"कोणी नाही."

"आवाज येतो?"

"येतो. छतातून. बाईंचा."

"काय म्हणतो?"

"श्वास घ्या, धरा, सोडा."

"एवढंच? शिव्या नाही?"

"नाही रे."

"नशीबवान आहेस." त्याने ब्रश फडक्याला पुसला. "आणि तू ऐकतेस?"

"ऐकावंच लागतं."

"म्हणजे छतातला आवाज ऐकणारे घरात दोघं झालो. तुझं ऐकलेलं खरं धरतात, एवढाच फरक."

मधली हसली, आणि हसता हसता तिच्या अंगावर काटा आला. वीस-बावीस वर्षं ती या माणसाला जेवायला वाढत होती, गोळ्या मोजून देत होती, रात्री दार लावत होती. पण त्याच्या डोक्यातल्या खोलीत ती आज पहिल्यांदा शिरली होती. त्याला एकट्याला टाकून सगळे बाहेर गेले आहेत, दार बंद आहे, दिसत काही नाही आणि छतातून कोणीतरी सांगतंय. ती हे थोडा वेळ सोसून घरी यायची. तो त्यातच राहत होता. आणि राहून रोज सकाळी दात घासत होता, दाढी करत होता, पाट्या रंगवत होता.

"ऊठ," तो म्हणाला. "इथे उभी राहा."

एका बेकरीची लांबलचक पाटी भिंतीला लावलेली होती. अक्षरं झाली होती, भोवतीची किनार राहिली होती. "छाती भर. पोट नको फुगवू, छाती. आता माझ्या ब्रशच्या टोकाकडे बघ. दुसऱ्याकडे कुठे बघायचं नाही. ब्रश त्या कोपऱ्यात पोचेपर्यंत श्वास सोडायचा नाही."

ब्रश निघाला. पिवळी रेघ त्याच्यामागे सुतासारखी सरळ येत होती, जशी काही ती फळीत आधीच होती आणि हा फक्त वरची धूळ बाजूला करत होता. मधली बघत राहिली. रेघ कोपऱ्यात पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तिने श्वास धरला होता आणि तिला भीती वाटली नव्हती.

"तुला कसं जमतं?" तिने विचारलं. "वरचे बोलत असतात ना?"

"रेघ चालू असताना नाही बोलत."

"का?"

"ते पण श्वास धरतात. मी चुकतो का बघायला."

हे त्याने असं सांगितलं जसं कोणी सांगावं, की दुपारी दुकान बंद असतं. मधलीला त्याच्याकडे बघवेना. तिने डबा उचलला आणि अक्षरं भरायला बसली.

त्यानंतर तिला श्वास जमला आणि किरणं सुरू झाली. टेबलावर डोळे मिटून ती मनात ती पिवळी रेघ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊ लागली. बाई एकदा आत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, किती छान धरता आता. पडद्यावर बघते मी, तुमचं हृदय अगदी शहाण्यासारखं बाजूला होतं."

मग ती सलग दोन दिवसांची सुट्टी आली. उकाडा असा की रंगाच्या डब्यावर साय धरायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी मधलीने सदऱ्याचा गळा ओढून पाहिलं, तर गळ्याखालची जांभळी फुली घामाने उतरून डाग झाली होती. काखेकडे जाणारी रेघ अर्धी गेली होती. आधीच दोनदा मशीन बिघडून दिवस वाया गेले होते. तिथल्या बाकावर शेजारी बसणारी एक बाई म्हणाली होती, की तिची रेघ पुसली तेव्हा सगळी आखणी पहिल्यापासून झाली आणि आठवडा गेला. मधलीने फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. मशीनच्या खोलीपुढची ती रिकामी बाकं तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्यांच्यापुढे वाजणारा फोन.

ती खाली आली. "रेघ्या, रेघ काढशील?"

"कशावर?"

तिने दाखवलं.

त्याने हात फडक्याला पुसले. "माणसावर कधी काढली नाही मी."

"फळी समज."

"फळी श्वास घेत नाही."

तरी त्याने नवा ब्रश काढला, गरम पाण्याने धुतला. कापडी फलकांची जांभळी शाई स्वतःच्या मनगटावर लावून पाहिली आणि आग होते का म्हणून वाट बघत बसला. मग तिला दारातल्या उजेडात उभी केली. तिने अंगाभोवती चादर घेतली आणि रेघेपुरती उघडी ठेवली. ऑपरेशनचा व्रण दिसत होता, अजून लालसर. तो व्रण आईनेही नीट पाहिला नव्हता, वहिनीनेही नाही. खुद्द मधलीने आरशात पाहायचं टाळलं होतं. रेघ्याने पाहिला. सुतार फळीतली गाठ पाहतो तसा पाहिला, म्हणजे मान देऊन. ती तिथे आहे, तिला धरूनच काम करायचं आहे.

ब्रश गार लागला. त्याच्या श्वासाबरोबर तिने श्वास धरला. काखेकडे जाताना तो थांबला.

"इथे तुझं अंग खोलगट झालंय. रेघ खरी काढली तर इथे पडल्यासारखी दिसेल. जरा उचलू?"

त्या घराची चूक ती हीच, आणि ती त्या घरालाच करता आली असती. आजोबा पहिल्याच दिवशी शिकवायचे: रेघ सरळ असून भागत नाही, सरळ दिसावी लागते. बाक असलेल्या भिंतीवर सरळ रेघ ओढली तर ती लोकांना वाकडी दिसते, म्हणून रंगाऱ्याने हलकेच वाकडी काढायची, म्हणजे ती सरळ दिसते. तिन्ही पिढ्या त्यावर जेवल्या. त्या घरात वाढलेल्या बाईने काय म्हणावं?

मधली म्हणाली, "उचल."

सुट्टी संपली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलावर आडवी झाली, खोलीतले दिवे मालवले आणि भिंतींतून उजेडाच्या बारीक रेघा तिच्या अंगावर उतरल्या. तांबड्या, केसाएवढ्या. मधलीला त्या नेहमीच देवघरातल्यासारख्या वाटायच्या. कोणी ओढत नाही, कुठून येतात दिसत नाही आणि अंगावर वजन नाही. त्या उतरल्या, आणि जांभळ्या रेघेपासून बोटभर दूर पडल्या. गळ्यापाशी जवळ, काखेकडे लांब. एका रस्त्याचे दोन रस्ते व्हावेत तसं. उभी असताना सरळ दिसलेली रेघ, आडवं होऊन हात वर घेतल्यावर भलतीकडे गेली होती.

बाई वाकून बघत राहिल्या. त्या चिडल्या नव्हत्या. "ही कोणी काढली?"

"माझ्या भावाने."

"माणसाच्या अंगावर एवढी सरळ रेघ मी कधी पाहिली नाही." मग त्यांनी मान हलवली. "पण जागा चुकली हो. हिच्यावर विसंबले असते तर किरणं भलतीकडे गेली असती. उजेडाच्या रेघा आहेत म्हणून कळलं. आज नाही करता येणार. मला वर सांगावं लागेल."

वर म्हणजे तुम्ही.

तुम्ही आलात तेव्हा मधली गाउनच्या बंदांशी झटत होती आणि तिला घेऊन आलेला दादा दारात उभा होता. तुम्ही दादाला विचारलंत, "हे काय चाललंय?" तिला नाही. रेघ तिच्या अंगावर होती, पण प्रश्न दादाला. आणि दादाची जीभ घसरली.

"साहेब, धाकटा भाऊ आजारी आहे आमचा. डोक्याचा आजार आहे, आवाज ऐकू येतात त्याला. आम्ही तरी किती लक्ष ठेवणार?"

झालं. तुम्हाला पुढचं काही ऐकायचं राहिलं नाही. "पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे," म्हणालात. "त्या गृहस्थांची दुसरीकडे सोय लावा. तसं कळवलंत की पुढची आखणी करू." आणि निघून गेलात. मधलीने तोंड उघडलं होतं.

घरी पोचेपर्यंत दादा एकटाच बोलत होता. एक संस्था आहे, चांगली आहे, ओळख आहे, थोडे दिवस. मधली खिडकीबाहेर बघत होती. एवढ्या रुळलेल्या गळ्याने तो ते बोलत होता, की हे बोलणं आजचं नव्हे हे तिला कळलं.

दुपारी सगळे कारखान्यात जमले. वर पंखा बंद पडला होता आणि आईला तिथल्या उकाड्यात बसवत नव्हतं, म्हणून खालीच. वाळायला ठेवलेल्या पाट्यांच्या मध्ये आई स्टुलावर बसली. वहिनी दाराला टेकली. रेघ्या कोपऱ्यात आपल्या फळीपाशी, पाठ करून.

"मी स्पष्टच बोलतो," दादा म्हणाला.

"तिथेही स्पष्टच बोललास," मधली म्हणाली. "तुला विचारलं होतं कोणी?"

"मग काय खोटं बोलायचं?"

"गप्प बसायचं. गप्प बसणं खोटं नसतं."

"मधले, त्याने तुझ्या अंगावर शाई ओतली. उद्या काय करेल?"

"ओतली नाही. काढली."

"अहो, पण का काढली भाऊजींनी?" वहिनी म्हणाली. "हाताने कोणी असं करतं का? मला भीती वाटते आता, खरं सांगते. आत्ताच मुलीलाही सांगितलं, काकाच्या खोलीत जाऊ नको."

रेघ्याची पाठ हलली नाही.

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," दादा म्हणाला. "किरणं संपली की आणू परत."

आई तोपर्यंत बोलली नव्हती. तिच्या दिराला, म्हणजे या मुलांच्या काकाला, असंच थोड्या दिवसांसाठी पोचवलं होतं. तेव्हा ती या घरात नवी होती. दर सणाला ताटं मांडताना सासू एक ताट जास्त मांडायची आणि मग उचलून ठेवायची. काका आला नाही. सगळ्यांना वाटलं, आई आता दादाला झोडणार.

आई म्हणाली, "जाऊ दे त्याला."

"आई?" मधली म्हणाली.

"मला तू जगायला हवीस."

"आणि तो?"

"तो तिथेही जगेल. कसाही जगेल. तू इथे मशीनशिवाय नाही जगणार." आईचा आवाज चढला नाही. "मला एकच विचारलं तर मी एकच सांगणार. मला दोन विचारा, मी दोन सांगते. पण कोणी विचारतच नाही दोन."

मधलीला आईचा राग यायला हवा होता. आला नाही. ती आईकडे बघत राहिली. एवढीशी बाई, स्टुलावर पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि तिने एका लेकराचं पारडं उचलून दुसऱ्याचं खाली ठेवलं होतं, सगळ्यांसमोर, हात न कापता. मधलीला वाटलं, या घरात स्थिर हात नक्की कोणाकडून आला हे आपण आजवर चुकीचं सांगत होतो.

"मी जातो," रेघ्या म्हणाला. पाठ तशीच.

"तू गप्प बस," मधली म्हणाली.

"मीच चुकलो ना. बोटभर गेली."

"दादा," मधली म्हणाली, "रेघ काढ असं त्याला कोण म्हणालं, हे विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? वरचे म्हणाले असतील."

"मी म्हणाले."

दादाने तिच्याकडे पाहिलं.

"मी खाली आले. मी चादर गुंडाळून उभी राहिले. तो नको म्हणत होता. फळी श्वास घेत नाही म्हणाला. काखेपाशी उचलू का विचारलं, तेव्हा उचल कोण म्हणालं? मी. आजोबांची नात. तू असतास तर तूही म्हणाला असतास."

दादा असता तर म्हणालाच असता. ते त्यालाही ठाऊक होतं.

"भाऊजी, तुम्ही का नाही सांगितलं?" वहिनीने विचारलं.

"मला कुठे विचारलं कोणी."

वहिनी दारापासून सुटली आणि पुढे आली. "म्हणजे सांगितलं ह्यांनी, काढली त्यांनी, आणि शहाण्याला सोडून वेड्याला बाहेर काढायचं. मग आता पाठवायचं कोणाला? दोघांनाही पाठवू की." आणि तिने दादाकडे पाहिलं. "तुम्ही तिथे बोललात ते आधी निस्तरा."

"तू आत्ताच म्हणत होतीस भीती वाटते."

"वाटत होती. मला काय माहीत होतं? अर्धं सांगितलंत तर अर्धीच अक्कल चालणार माणसाची."

"पण त्याने काय होणार?" दादा आता हळू बोलत होता. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. थकलेल्या माणसाला कोणीही दार दाखवलं की ते सुटकेचंच वाटतं. "कोणी सांगितलं, कोणी काढली, मोठ्या डॉक्टरांना त्याचं काय? ते म्हणाले सोय लावा, मग आखणी. तू काय करणार? अडून बसणार? किरणं घेणारच नाहीस?"

"घेणार," मधली म्हणाली. "मला मरायचं नाही दादा. तुम्हाला वाटतं मी ह्याच्यापायी जीव ओवाळून टाकेन. नाही टाकणार. मला जगायचंय, आणि हा घरात हवाय. मला दोन्ही हवंय. आई, तू म्हणालीस ना, दोन विचारा. मी विचारते."

आईने स्टुलावरून उतरायला हात पुढे केला. रेघ्या आला आणि त्याने तो धरला. त्याचा हात थरथरत होता, त्यामुळे आईचाही थरथरायला लागला. आई म्हणाली, "चहा कर कोणीतरी. आणि उद्या सगळे जाऊ. हा पण."

"मी नको," रेघ्या म्हणाला. "तिथे लोक असतात."

"असू दे. तुला बघूनच बोलू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाचही जण त्या लांब बाकावर बसले. वहिनीने रेघ्याला भिंतीकडची जागा दिली आणि स्वतः त्याच्या बाजूला बसली, म्हणजे अनोळखी माणसाचा धक्का तिला आधी लागेल. रेघ्याचे ओठ हलत होते. वरचे आले होते बरोबर. बाकावरच्या बायका बघत होत्या. कोणाच्या डोक्याला रुमाल, कोणाचा हात सुजलेला. त्यांतली एक, जिची आखणी पहिल्यापासून झाली होती तीच, मधलीला म्हणाली, "हेच का ते रेघवाले? बाई सांगत होत्या." मग रेघ्याला म्हणाली, "भाऊ, माझ्यावर काढाल का हो? माझी रोज पुसते."

रेघ्या म्हणाला, "नको. माझी चुकते."

ती हसायला लागली. तिच्या शेजारची हसली. मग सगळा बाकच हसला, आणि रेघ्याने पहिल्यांदा मान वर करून त्या बायकांकडे पाहिलं. मधलीही बघत होती. एकीकडे जाड दार, आत ते न दिसणारं, जे हाडामांसातून जातं आणि खूण ठेवत नाही. दारापुढे या बायका, ज्या रोज येतात, हात डोक्यावर घेतात, काळीज बाजूला करतात आणि घरी जाऊन स्वयंपाक करतात. आणि त्यांच्यात तिचा भाऊ, ज्याच्या आत कोण कोण बोलतंय आणि जो तरी बसून आहे. मधलीला एकाएकी फार मोठ्या जागेत उभं असल्यासारखं वाटलं. इतकी माणसं, इतकं सोसून, इतकी शांत. तिची भीती गेली नाही. पण त्या सगळ्यापुढे ती लहान झाली.

मग तुम्ही आलात. दादा उठला आणि म्हणाला, "साहेब, काल मी अर्धंच बोललो. रेघ बहिणीने सांगितली म्हणून काढली त्याने."

तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. "ते ठीक आहे. पण असा पेशंट घरात असताना मी जोखीम घेणार नाही. काल सांगितलं ना तुम्हाला?"

"दादाला सांगितलंत," मधली उभी राहून म्हणाली. "छाती माझी आहे, मला सांगा. रेघ चुकली, कबूल. ती माझी चूक. रेघ पुसली तर परत काढायची नाही, हे तुम्ही सांगितलं नाहीत, ती तुमची. फोन वाजत राहिला, तीही तुमची. आता कळलंय, पुन्हा कोणी ब्रश लावणार नाही, माझा शब्द. आखणी परत करा, मी आत्ता गाउन घालते. तुम्ही बोलावाल तेव्हा येईन, म्हणाल तितका श्वास धरेन."

"बाई, हा वादाचा विषय नाही."

"वाद नाही, एकच विचारते. हा माझा भाऊ. आजारी आहे, गोळ्या घेतो, पाट्या रंगवतो. मी सांगितलं म्हणून त्याने रेघ काढली. हाच माझा भाऊ शिक्षक असता, आणि मी सांगितलं म्हणून त्याने हीच रेघ, अशीच, बोटभर चुकीची काढली असती, तर त्याला घराबाहेर काढल्याशिवाय मला मशीनवर घेणार नाही असं तुम्ही म्हणाला असता का?"

मशीनवाल्या बाई दारात येऊन थांबल्या होत्या. बाकावर कोणी हलत नव्हतं. रेघ्याचे ओठ थांबले होते.

"हो की नाही, साहेब? एवढंच सांगा."